बावीस मिलिमीटरचं छिद्र

राज्याचे दोन भाग होऊन वर्ष उलटलं होतं, तरी ग्वाल्हेरच्या मोतीमहालातल्या आमच्या कचेरीत त्याचा फारसा फरक पडला नव्हता. मी जमिनीच्या नोंदींच्या खात्यात, नकाशा शाखेत होते. भिंतीवरचा जुना नकाशा उतरवून नवा लावला तेव्हा राज्याची उजवी बाजू एकदम कापून काढल्यासारखी दिसली. दोन दिवसांनी त्याचीही सवय झाली. मग एका सोमवारी नोटीस बोर्डावर यादी लागली. नव्या राज्याला कोणकोण द्यायचं, ते वर ठरलं होतं. आमच्या शाखेतून एकच नाव होतं, आणि ते माझं होतं.

मी यादी दोनदा वाचली आणि जागेवर येऊन बसले. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की गंभीर आजार असलेल्यांनी पंधरा दिवसांत अर्ज करावा. अर्ज मंजूर झाला तर ज्येष्ठतेच्या क्रमाने पुढचं नाव घेतलं जाईल. पुढचं नाव कुणाचं, हे सगळ्या शाखेला माहीत होतं. माझ्या समोरच्या टेबलावर बसणारे बाबूजी. हिंदी भाषक, शहरातल्याच मुरार भागात राहणारे, माझ्याहून चार वर्षांनी लहान. दहा वर्षं आम्ही समोरासमोर बसत होतो. त्यांनीही यादी वाचली होती. दिवसभर ते खाली मान घालून काम करत राहिले.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. लग्न केलेलं नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि माझे वडील, आबा, असे दोघंच राहत होतो. त्यांना यादीचं सांगितलं तेव्हा ते भाजी निवडत होते. त्यांनी विचारलं, "रायपूर?" मी म्हटलं, "रायपूर." मग आम्ही जेवलो.

त्याच आठवड्यात मला खोकला झाला. दर हिवाळ्यात व्हायचा आणि महिनाभर टिकायचा. दम तर मला लहानपणापासूनच लागायचा. शाळेत खो-खोत मला कुणी घेत नसे. आई म्हणायची, ही अंगानेच नाजूक. पुढे सगळ्यांनी ते माझ्या स्वभावातच जमा करून टाकलं. ही हळू चालते, हिला घाई आवडत नाही, ही फार शांत आहे. मीही तसंच समजत आले.

पाटणकर बाजारातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या गादीवर आता त्यांचा मुलगा बसू लागला होता. त्याने खोकल्यासाठी छातीला नळी लावली आणि काढलीच नाही. एका जागी ठेवली, दुसऱ्या जागी ठेवली, श्वास धरायला सांगितला, सोडायला सांगितला. मग म्हणाला, "तुम्हाला यापूर्वी कुणी काही सांगितलं नाही का?" मी म्हटलं, कशाचं? त्याने नळीची टोकं माझ्या कानांत घातली. मला नुसता धपधप आवाज आला. तो म्हणाला, नीट ऐका, दुसरा ठोका फुटून दोन होतोय, आणि तो सारखा तसाच राहतोय. मला ते कळलं नाही, पण मी मान हलवली.

इको काढला त्या खोलीत अंधार होता आणि गार जेली छातीवर फिरत होती. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी उघडझाप करत होतं, आणि मधल्या भिंतीत एका जागी निळा-लाल झोत इकडून तिकडे जात होता. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत छिद्र होतं. बावीस मिलिमीटरचं. जन्मापासूनचं. डॉक्टरने कागदावर चित्र काढून आबांना समजावलं, कारण मी काही विचारत नव्हते. शुद्ध रक्त या छिद्रातून परत उजवीकडे येतं, पुन्हा फुप्फुसांत जातं, अडतीस वर्षं हृदयाची उजवी बाजू जवळजवळ दुप्पट काम करतेय आणि आता ती मोठी झालीय. उद्या काही होणार नाही, पण फार वर्षं असंच ठेवलं तर मग काही करता येणार नाही.

आबांनी विचारलं, "छाती उघडावी लागेल?"

तो म्हणाला, आधी उघडावीच लागायची. आता दिल्लीत मांडीच्या शिरेतून नळी घालून आत तारेची चकती बसवतात. छिद्राची कड चांगली असली पाहिजे, ती यांची आहे. चार दिवसांत घरी.

"आणि ती चकती काढायची कधी?"

"काढायची नाही, आबा. ती आतच राहते."

आबा चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि टेम्पोच्या थांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो, माझ्या चालीने.

पुण्याची ताई फोनवर रडली. मग डोळे पुसून तिने हिशेबाने बोलायला सुरुवात केली. म्हणाली, बघ, देवानेच वेळ साधली आहे. आधी हा रिपोर्ट लावून बदलीतून नाव काढून घे. एकदा नाव निघालं की मग सावकाश दिल्लीला जा. छिद्र अडतीस वर्षं राहिलं, आणखी सहा महिने राहील. तिचं चुकत नव्हतं. आबांना एकटं सोडून जाणं किंवा सत्तरीला टेकलेल्या माणसाला परक्या गावी नेणं, दोन्ही मला दिसत होतं. दिसत होतं, पण काही वाटत नव्हतं. मला वाटलं होतं की असं काही कळल्यावर माणूस घाबरतो, देवाशी भांडतो. मी सकाळी उठून डबा भरत होते आणि नऊ वाजता टेम्पोत बसत होते.

अर्ज बाबूजींनीच टाइप केला. शाखेत टाइप करणारे तेच होते. मी हाताने लिहिलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दीदी, हिज्जे ठीक कर दूँ? अंग्रेज़ी में दो ग़लतियाँ हैं." मी म्हटलं, कर दीजिए. त्यांनी मशीनमध्ये तीन कागद आणि दोन कार्बन घातले. सगळी शाखा ऐकत होती. त्यांचा हात नेहमीसारखाच चालला. शेवटी त्यांनी प्रती वेगळ्या केल्या, टाचणी लावली आणि दोन्ही हातांनी मला दिल्या.

त्यांची मुलगी सात वर्षांची होती आणि जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. दोन वर्षं खेपा घालून त्यांनी तिला ग्वाल्हेरच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत घातलं होतं, आणि तिथल्या एका बाई तिला बोलायला शिकवत होत्या. अर्ज टाइप केला त्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून ते तिला कचेरीत घेऊन आले. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मी काहीतरी म्हटलं असेन, कारण तिने हात वर करून पंजा सरळ माझ्या गळ्यावर ठेवला. मी दचकले. बाबूजी उठून आले आणि ओशाळून म्हणाले की शाळेत असंच शिकवतात, गळ्याला हात लावून आवाज कसा थरथरतो ते बघायचं. मी म्हटलं, "पानी." तिने दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, बराच वेळ जुळवाजुळव केली, आणि म्हणाली, "पानी." आवाज जाड होता, पण शब्द स्पष्ट होता. मग तिला खरंच पाणी दिलं.

मेडिकल बोर्डाची तारीख आली. त्याआधी दिल्लीच्या इस्पितळाचंही पत्र आलं होतं. त्यांनी रिपोर्ट बघून फेब्रुवारीची तारीख दिली होती. ताई म्हणाली, ते पत्र बोर्डाला दाखवू नकोस.

बोर्डात तीन डॉक्टर होते, एका लांब टेबलामागे, मागे हिरवा पडदा. माझ्याआधी एक लंगडत चालणारे गृहस्थ आत जाऊन आले होते. मधल्या डॉक्टरांनी इकोचा कागद उजेडात धरला आणि शेजारच्यांना दाखवला. म्हणाले, छेद तो बड़ा है. शेजारच्यांनी मान हलवली. मधले लिहायला लागले, आणि लिहितालिहिता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ऑपरेशन बताया है?"

"ऑपरेशन नहीं, सर," मी म्हटलं. "नली से बंद हो जाता है. दिल्ली में. तारीख मिल गई है."

त्यांनी मान वर केली. "कितने दिन में ठीक हो जाएँगी?"

"चार दिन में घर. महीने भर में सब काम."

"फिर आप माफ़ी किस बात की माँग रही हैं?"

मी म्हटलं, "अर्ज़ी टाइप हो गई थी, सर."

तिघांपैकी एकजण हसला. मधल्यांनी लिहिलेलं खोडून खाली दुसरं लिहिलं.

मी तसं का बोलले हे मला पुढे अनेकांनी विचारलं आणि मीही स्वतःला विचारलं आहे. ती मुलगी त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर होती असं मी म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ती नव्हती. बाबूजीही नव्हते. मला प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर दिलं, इतकंच मला आठवतं. खोटं बोलायला काहीतरी हवं असावं लागतं. मला त्या दिवसांत काहीच हवं नव्हतं.

आबा बाहेर बाकावर बसले होते. मी आत काय झालं ते सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि मफलर गुंडाळायला लागले. परत येताना टेम्पोत त्यांनी मला त्यांच्या बदलीची गोष्ट सांगितली, जी मी तोपर्यंत ऐकली नव्हती. मध्यभारत हे राज्य मोडून राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर आले, आणि हे सुतळीने बांधलेल्या फायलींच्या गठ्ठ्यांवर बसून ट्रकने भोपाळला निघाले, कारण पोहोचल्याची सही कुणीतरी घ्यायला हवी होती. वाटेत गुणा गावाजवळ ट्रक बिघडला. दोन दिवस त्यांनी चणे खाऊन फायली राखल्या. भोपाळला पोहोचले तर त्या कुठल्या खोलीत ठेवायच्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गठ्ठे व्हरांड्यात उतरवले आणि आबा आठवडाभर त्यांच्यावरच झोपले. "मग?" मी विचारलं. ते म्हणाले, "मग काय. त्या फायली पुढे कुणी मागितल्याच नाहीत."

अर्ज नामंजूर झाल्याचा कागद कचेरीत आला त्या दिवशी बाबूजी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं, "दीदी, आपने बोर्ड में क्या कहा?"

मी म्हटलं, "जो था, वही."

ते जागेवर जाऊन बसले. त्यानंतर मी कचेरी सोडेपर्यंत माझी प्रत्येक चिठ्ठी ते मी न सांगता टाइप करून ठेवत.

दिल्लीला जायच्या आधी एक काम होतं. इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं की अंगावर कुठलाही धातू नको. माझ्या हातांत आईच्या दोन बांगड्या होत्या, अठराव्या वर्षी चढवलेल्या, आणि त्या आता निघत नव्हत्या. साबण लावला, तेल लावलं, मग आबा आणि मी सराफ्यात गेलो. सोनाराने बांगडीखाली पत्र्याची पट्टी सरकवली आणि बारीक करवतीने कापली. दोन्ही बांगड्या चार तुकड्यांत कापडावर पडल्या. मनगटावर पांढरे वळ होते. सोनार म्हणाला, हात हलका वाटेल आता. मी हात हलवून बघितला. आबा दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले होते.

धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा पोहोचली. आबांनी वॉर्डातल्या लोकांसाठी गजकचे, तीळ-गुळाच्या वड्यांचे, दोन पुडे आणले होते आणि ते पहिल्याच तासात वाटून टाकले. संध्याकाळी तिथले डॉक्टर आले. हळू बोलणारे, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी खिशातून नमुन्याची चकती काढून माझ्या तळहातावर ठेवली. बारीक तारेच्या जाळीच्या दोन गोल थाळ्या, मध्ये आखूड मान. वजन जवळजवळ नव्हतंच. त्यांनी ती एका नळीत ओढून घेतली तेव्हा तिची पार दोरी झाली, आणि दुसऱ्या टोकाने बाहेर ढकलली तर ती पुन्हा जशीच्या तशी चकती झाली. आबांनी त्यांना ते पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्यांनी दाखवलं. म्हणाले, एक थाळी भिंतीच्या डावीकडे, एक उजवीकडे, भिंत मध्ये धरलेली. सहा महिन्यांत शरीर तिच्यावर स्वतःची कातडी चढवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत नेलं. खोली फार गार होती आणि टेबल अरुंद होतं. कुणीतरी हिंदीत म्हणालं, दीदी, दस तक गिनिए. मी मराठीत मोजायला लागले. चारपर्यंत आठवतं.

पुढचं सगळं डॉक्टरांनी नंतर पडद्यावर दाखवलं, आबांना आणि मला. उजव्या मांडीच्या शिरेतून नळी वर गेली, छिद्रातून पलीकडे गेली. आधी एक फुगा फुगवून माप घेतलं. मग डावी थाळी उघडली आणि हळूहळू मागे ओढून भिंतीला टेकवली, उजवी थाळी उघडली, आणि चकती नीट बसली का ते बघायला दोन-तीनदा ओढून, ढकलून पाहिली. शेवटी तार उलटी फिरवून आटे सोडवले. चकती सुटली तेव्हा पडद्यावर ती किंचित तिरकी होऊन स्थिर झाली. त्या क्षणानंतर ती माझी झाली आणि परत घेता येणार नव्हती. मी बघत होते ते हृदय कुणाचंही असू शकलं असतं.

शुद्धीवर आले तेव्हा जांघेत वजन ठेवलेलं होतं आणि सहा तास पाय हलवायचा नव्हता. मी हलवला नाही. आबा खुर्चीवर बसून होते. त्यांनी विचारलं, "काही वेगळं वाटतंय?"

मी बराच वेळ शोधलं. "घसा दुखतोय," मी म्हटलं.

ते उठून नर्सला विचारायला गेले की हिला पाणी कधी देता येईल. दाराशी पोहोचल्यावर भिंतीला हात टेकून उभे राहिले, पाठमोरे. त्यांचे खांदे हलत होते. मी पाहत राहिले. मला त्यांना हाक मारावीशी वाटली, पण तोवर ते बाहेर गेले.

एप्रिलमध्ये मी रायपूरला हजर झाले. क्वार्टर सोडावं लागणारच होतं, त्यामुळे जूनमध्ये आबाही आले, ताई त्यांना घेऊन आली. नवी कचेरी एका जुन्या शाळेच्या इमारतीत होती आणि फळ्यांवर अजून कुणाच्यातरी गणिताच्या खुणा होत्या. आम्ही तिथे दोन खोल्यांत राहिलो. आबा बाजारात जाऊन तिथल्या पालेभाज्यांची नावं शिकून आले आणि मला रोज एक नवीन भाजी खायला घालू लागले. सहा वर्षांनी ते तिथेच गेले, दुपारी, झोपेत. बाबूजींची मुलगी बारावी झाली तेव्हा त्यांनी मला टाइप केलेलं पत्र पाठवलं. ती पुढे शिवणकाम शिकली आणि मुरारमध्ये तिने स्वतःचं दुकान काढलं. हे सगळं नंतरचं.

पहिल्या हिवाळ्यात, चकती बसवून वर्ष होत आलं होतं, तेव्हा कचेरीतल्या बायकांनी एका रविवारी डोंगरावरच्या देवीला जायचं ठरवलं. हजारावर पायऱ्या आहेत. मी नाही म्हणणार होते, पण कारण काय सांगावं ते आठवेना. इकोत भिंत बंद झालेली होती आणि गोळ्याही थांबल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर चढायला लागले. बायका आपापल्या घरांबद्दल बोलत होत्या, नव्या साहेबांबद्दल बोलत होत्या, मीही मध्येमध्ये बोलत होते. वर पोहोचलो, नारळ दिला, सावलीत बसून पुऱ्या खाल्ल्या आणि उतरलो. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी वाटेत कुठेच थांबले नव्हते. मी वाट पाहिली, आता काहीतरी वाटेल म्हणून. खिडकीतून धानाची कापलेली शेतं जात होती. शेजारच्या बाईंनी मला संत्रं सोलून दिलं आणि मी ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलंगावरून उठता येईना. पोटऱ्या, मांड्या, गुडघ्यांच्या मागची शीर, सगळं ठणकत होतं. मी घाबरले, आबांना हाक मारली. त्यांनी पाय दाबून बघितले, कुठे दुखतं ते विचारलं, आणि म्हणाले, "अगं, चालून दुखतायत." मला ते माहीतच नव्हतं. आयुष्यभर माझा श्वास आधी थांबायचा; पाय दमण्याइतकी मी कधी चाललेच नव्हते. आबांनी तिळाचं तेल कोमट करून आणलं. त्यांनी पोटरीवर अंगठा दाबला तेव्हा मी मोठ्याने ओरडले, आणि ओरडताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बराच वेळ येत राहिलं. आबा तेल चोळत राहिले. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, आज कचेरीत चिठ्ठी पाठवून दे, उशीर होईल म्हणून.